अकरा नंबरची मोरी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. मोठ्या कामाला हात घालताना रोजची नोंद ठेवावी, म्हणजे उद्या कुणी अंगावर आलं तर तारीख-वार दाखवता येतात, असं जुन्या नोकरीतले साहेब सांगायचे. साहेबांची नोकरी सोडून सहा महिने झाले, पण सवयी काही सुटल्या नाहीत.

काम असं आहे. चार मजली इमारत, वय साठ. तिची मोठी दुरुस्ती निघालीय. सगळ्या मजल्यांवर नवी न्हाणीघरं, लिफ्ट, शिवाय डोक्यावर आणखी एक मजला. त्याआधी जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप तपासून हवा आहे. पाइप चिनीमातीचा, इमारतीइतकाच म्हातारा. तळमजल्यावरच्या अकरा खोल्यांच्या मोऱ्यांखालून तो सरळ फाटकाकडे जातो. तो धड असेल तर तळमजल्यावरची माणसं जागेवर राहतील. धड नसेल तर फरशा उकरायच्या आणि बिऱ्हाडं वर्षभर बाहेर. धड आहे की नाही, ते मी वीस तारखेच्या आत लिहून द्यायचं.

आता खरी गोम. अकरा नंबरमध्ये माझी आत्या राहते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि लग्न होईपर्यंत त्याच खोलीत वाढले. इमारतीच्या समितीच्या सचिवांना हे पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग तर उत्तमच, मॅडम. घरच्यासारखं बघाल." मी म्हटलं, परक्यासारखंच बघणार आहे. त्यांना तो विनोद वाटला.

माझं घर इथून दोन तासांवर, म्हणून काम संपेपर्यंत मुक्काम आत्याकडे. आत्या शहात्तर वर्षांची. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ती पेन्सिल घेऊन वाचते. मी माझी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच म्हणाली, "मागच्या गल्लीतली माणसं वर्षभरासाठी म्हणून बाहेर पडली. सात वर्षं झाली, एक परत आलेलं नाही. मी इथून हलायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

"मी पाइप बघायला आलेय आत्या, तुला बघायला नाही."

"दोन्ही बघ," म्हणाली आणि चहा टाकला.

खोली लख्ख आहे. फिनेलचा वास मात्र डोक्यात जातो. पूर्वी ती इतकी टापटिपीची नव्हती. मोरीच्या जाळीवर पालथं घमेलं, त्यावर धुण्याचा दगड. म्हणे झुरळं येतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिली फेरी. पाइपात पाणी कमी असतं तेव्हाच कॅमेऱ्याला दिसतं, म्हणून आम्ही माणसं उठायच्या आत काम उरकतो. साडेपाचला भाऊजी आले. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. पूर्वी घरोघरी टीव्हीची केबल ओढायचे, आता माझ्या कॅमेऱ्याची ओढतात. "वहिनी, तेव्हा लोक सिनेमा बघायचे आणि मी वायर धरायचो," म्हणतात, "आता निदान सिनेमा मला दिसतो. वास तेवढा जास्तीचा."

फाटकाजवळच्या चेंबरचं झाकण उघडलं. तिथून पाण्याची टाकीगाडी ये-जा करते, म्हणून केबलचं रीळ जिन्याखाली आडोशाला ठेवलं, केबल किती सुटली ते दाखवणारा मीटर शून्यावर आणला, कॅमेरा चेंबरपर्यंत ओढत नेला आणि आत सोडला.

पाइप बघून मला म्हाताऱ्याचं कौतुकच वाटलं. एक-दोन ठिकाणी केसाएवढ्या चिरा, एका सांध्यात मुळांचा पुंजका, बाकी गुळगुळीत. एक उंदीर कॅमेऱ्याकडे बराच वेळ टक लावून बघत होता. भाऊजी म्हणाले, "सचिवांसारखा दिसतो." मग एकतीस मीटरवर चित्र हललं, गढूळ झालं आणि कॅमेरा पाण्यात बुडाला. ढकलून पाहिला, पुढे जाईना.

पाणी साचतंय म्हणजे तिथे पाइप खाली बसलाय. प्रत्येक खोली साडेतीन मीटर रुंद, चेंबर एक नंबरच्या भिंतीला लागून. एकतीस म्हणजे नऊ नंबरची मोरी.

साडेसातला चहाला घरी गेले तर आत्या मोरीत, दगडावर बसून वर्तमानपत्र वाचत होती. म्हणे तिथे उजेड चांगला येतो. खिडकी खोलीत आहे, मोरीत नाही. वयाबरोबर माणसाला एकेक खोड लागते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाइप बसला असेल तर त्याच्या मागच्या घरांत पाणी उलटायला हवं. म्हणून नऊ, दहा आणि अकरा, तिन्ही घरी रीतसर चौकशी केली.

नऊ नंबरचे काका आयुष्यभर बस चालवत होते. त्यांनी दार उघडलं ते सुद्धा अर्धंच. "पाणी? छे! खडखडीत." मोरी दाखवली. खरंच कोरडी. जाळीवर पाट, पाटावर भरलेलं पिंप. दहा नंबरच्या शिक्षिकाबाईंनी जाळीवर तुळशीची भलीमोठी कुंडी ठेवलीय. त्यांच्याकडेही कधीच पाणी वर आलेलं नाही, म्हणाल्या, आणि मला बसाही म्हणाल्या नाहीत. आत्या तर चिडलीच. "माझ्या मोरीत तीस वर्षांत थेंब वर आला नाही. लिहून घे."

लिहून घेतलं. तिन्ही घरांपुढे 'नाही'.

एक लक्षात आलं, ह्या मजल्यावर झुरळांचा फारच सुळसुळाट असावा. तिन्ही घरी जाळीवर काही ना काही वजन आहे. सचिवांना औषध फवारायला सांगायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस उजाडला नसता तर बरं झालं असतं.

नऊ नंबरची मोरी खोदली. काका घुटमळत होते, काकूंनी पदर नाकाला लावून तीन वेळा विचारलं, "खोदायलाच हवं का गं?" मी म्हटलं, हवंच. गवंड्याने दुपारपर्यंत फरशी काढली, माती काढली. खाली पाइप निघाला तो जागच्या जागी, उतार बरोबर, सांधे घट्ट. हातोडीने वाजवून पाहिला तर भांड्यासारखा खणखणीत. मी खड्ड्यात गुडघ्यावर बसले होते आणि वर चौकटीत पंधरा-वीस तोंडं.

सचिव वरून म्हणाले, "बरा आहे की, मॅडम."

मी म्हटलं, "हो."

"मग आता कसं करायचं?"

काका कसनुसं हसून म्हणाले, "बुजवा, बुजवा. आमची काही तक्रार नाही." एवढी मोरी फोडली तरी माणूस रागावला नाही. मीच खजील झाले. भाऊजी संध्याकाळी निघताना म्हणाले, "वहिनी, कॅमेरा खोटं बोलत नाही." मग कोण बोलतंय?

सचिवांचा निरोप आला की 'पाइप सुस्थितीत' एवढं एका पानावर दिलंत तरी चालेल. मी उलट निरोप धाडला: चालणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. आणि सापडलं ते माझ्याच तोंडात मारल्यासारखं.

आज टाकीगाडी येणार नव्हती, म्हणून भाऊजींनी रीळ थेट चेंबरच्या काठावर ठेवलं. कॅमेरा त्याच जागी बुडाला, तोच मुळांचा पुंजका त्याच्या अलीकडे. पण मीटरवर सत्तावीस. मी म्हटलं, यंत्र बिघडलं. भाऊजी जिन्याखाली जाऊन उभे राहिले आणि तिथून चेंबरपर्यंत पावलं मोजत आले. चार मीटर.

शून्य चेंबरच्या तोंडाशी करायचं असतं. हे मी नव्या माणसांकडून घोकून घेतलंय. आणि स्वतःच्या पहिल्या मोठ्या कामात शून्य केलं जिन्याखाली. अंगणातली चार मीटर फरशी मी पाइपात मोजली आणि एका म्हाताऱ्या जोडप्याची मोरी फोडली.

भाऊजी म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू द्या." मी म्हटलं, नाही. आधी नऊ नंबरला गेले, हात जोडून सांगितलं की चूक माझी. काकू म्हणाल्या, "होतं गं," आणि पाणी दिलं. मग सचिवांकडे. ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे तुमच्या मोजमापात चूक होऊ शकते." म्हटलं, "होऊ शकते. झाली. म्हणूनच परत मोजलं." उद्या आठ नंबर खोदायचा.

आत्याला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "पुढे कुठपर्यंत खोदणार?" मी म्हटलं, आठपर्यंतच. तिने मान हलवली आणि भांडी घासायला घेतली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आठ नंबरमध्ये कुणी राहत नाही, समितीचं सामान असतं. दहा वाजता फरशी निघाली, साडेअकराला पाइप. तळाकडून फुटलेला, दीड हात खाली बसलेला, तुकडे एकमेकांत रुतलेले. मला इतका आनंद झाला की गवंडी माझ्याकडे बघतच राहिला.

सचिवांनाही आनंद झाला, पण वेगळ्या कारणाने. "म्हणजे कोठारातच! कुणाला हलवायला नको. पंधरा दिवसांत नवा तुकडा टाकू. छान."

छान नाही. इथे अडतंय, तर मागे नऊ, दहा, अकरा तुंबायला हवेत. तिन्ही घरं कोरडी. आणि अकराच्या कोपऱ्यातून वरच्या चारही मजल्यांचं पाणी खाली उतरतं. ते जातं कुठे? सचिव म्हणाले, "जातंय ना, मॅडम? मग झालं."

पाणी वर येत नसेल आणि पुढेही जात नसेल, तर ते मातीत मुरतंय. मातीत मुरत असेल तर माती वाहून जातेय. आणि त्या मातीवर भिंत उभी आहे, जिच्या डोक्यावर हे आणखी एक मजला चढवणार आहेत. मी हे सगळं सचिवांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "असेल, नसेल. सिद्ध कुठे झालंय?"

ठीक आहे. सिद्ध करू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कसं लिहू कळत नाही. झालं तसं लिहिते.

रंग टाकायचं ठरवलं होतं. वरच्या मजल्यावर पाण्यात रंगाची पूड सोडायची आणि चेंबरमध्ये तो कधी, किती येतो ते बघायचं. ह्या वेळी मुद्दाम सव्वासातची वेळ घेतली, सगळी इमारत आंघोळीला लागते तेव्हाची. भाऊजी वर, मी चेंबरपाशी. हिरवा रंग. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. मग चहात चुकून पडल्यासारखा एक फिकट हिरवा ओघळ आला आणि थांबला. पुडीतला निम्माही रंग चेंबरला पोहोचला नाही.

ही वेळ मी आजवर कधी पाइपापाशी काढली नव्हती. रोज ह्या वेळी मी काम आटोपून चहाला जायची.

घरी गेले. दार ओढून घेतलेलं, कडी नव्हती. आत्या मोरीत होती. घमेलं बाजूला, दगड बाजूला, जाळीतून पाणी वर येत होतं आणि ती ओणवी होऊन फडक्याने ते टिपून बादलीत पिळत होती. हिरवं पाणी. फडकं हिरवं, बादली हिरवी, तिची पावलं घोट्यापर्यंत हिरवी. शहात्तर वर्षांची बाई. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय. गार होतोय."

मागच्या दाराने बाहेर गेले. परसात दोरीवर नऊ नंबरचं फडकं वाळत होतं, हिरवं. शेजारी दहा नंबरचं, हिरवं. मी तिथेच पायरीवर बसले. पाट, पिंप, कुंडी, दगड, फिनेल. मी झुरळांचं औषध मागवायला निघाले होते. हाच माझा धंदा, आणि बारा दिवस मी त्या मोरीत तोंड धुतलं.

आत्या भाजी आणायला गेल्यावर मोरीच्या कोपऱ्यात, वरून पाइप उतरतो तिथे, सळईच्या टोकाने फरशी ठोकली. मधे भरीव वाजली. कोपऱ्यात पोकळ.

१६ फेब्रुवारी, रविवार

अहवालाचा मसुदा लिहिला. सहा पानं. पाचव्या पानावर दोन वाक्यं आहेत, ती इथे उतरवते. 'सत्तावीस मीटरच्या पुढे कॅमेरा जाऊ शकला नाही. नऊ ते अकरा क्रमांकांच्या खोल्यांतून पाणी उलटल्याची तक्रार नाही.'

दोन्ही वाक्यं खरी आहेत. कॅमेरा गेला नाही, तक्रार नाही. रंगाच्या चाचणीबद्दल लिहिलं की रंग चेंबरमध्ये 'पोहोचला'. हेही खरं.

मनाशी सगळं मांडून पाहिलं. आठचा तुकडा बदलला की पाणी तुंबायचं थांबेल. तुंबायचं थांबलं की गळती कमी होईल. वरचा मजला चढायला अजून वर्ष आहे, तोवर मी पुन्हा येऊन बघेन. आत्या ह्या वयात कुठे जाणार? माझ्याकडे ये म्हटलं तर पाहुण्यासारखी बसते, चौथ्या दिवशी पिशवी भरते. ही खोली गेली तर ती वर्ष काढणार नाही. हे मी कल्पनेने लिहीत नाही, मला माहीत आहे.

भाऊजींना वाचायला दिलं. पाचव्या पानावर ते थांबले, चष्मा काढला, पुसला. थट्टा करतील असं वाटलं होतं. "तुम्ही लिहाल ते बरोबरच असेल, वहिनी," म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

आत्याचं आणि माझं कालच्या प्रकाराबद्दल अजून एक अक्षर बोलणं झालेलं नाही. मसुदा नेहमीप्रमाणे तिच्या उशाशी ठेवला. लहानपणापासून माझं कुठलंही लिखाण तिच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. शिवाय तिने वाचावं असंही वाटलं. वाचलं की तिला घोर उरणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मसुदा परत मिळाला. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका. पाचव्या पानावर त्या दोन वाक्यांच्या मधे तिने एक बारीक टोकदार खूण केलीय, छापखान्यात करतात तशी, आणि समासात लिहिलंय: 'मजकूर सुटला. मूळ प्रत पाहा.'

मी म्हटलं, "आत्या, ह्याचा अर्थ काय?"

"चाळीस वर्षं हेच लिहिलं मी. खिळे जुळवणाऱ्याकडून ओळी गळल्या की लिहायचं असतं."

"मूळ प्रत कुठेय?"

तिने मोरीकडे हनुवटी केली.

मग मात्र माझा तोल गेला. नको ते बोलले. म्हटलं, इतके दिवस लपवलंस ते तू, माझ्या वहीत 'थेंब वर आला नाही, लिहून घे' म्हणालीस ती तू, आणि आता मी तुझी खोली वाचवायला दोन ओळी गाळल्या तर मलाच खुणा करतेस? तिने सगळं ऐकून घेतलं. मांडीवरचे हात हलले नाहीत.

"खोली जाईल म्हणून लपवलं, हे खरंच आहे," ती म्हणाली. "समितीपासून लपवलं. शेजाऱ्यांपासून लपवलं. तुझ्यापासून लपवलं ते त्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

"तुला कळलं तर तू माझ्यासाठी खोटं लिहिशील, ही भीती होती मला. आणि लिहिलंसच की."

"खोटं नाहीये त्यात एकही वाक्य."

"ते मला नको शिकवूस. खोटं वाक्य सापडतं गं, खाडाखोड करता येते. गाळलेलं कुणाला दिसतं?" मग म्हणाली, "वरच्या मजल्यावर माणसं राहतात. लहान पोरं आहेत. ती ह्या भिंतीवर राहतात, आणि मी खाली बसून भिंत कोरडी आहे म्हणून सांगते. तुझं मोजमाप चुकलं तेव्हा तू काकांना जाऊन सांगितलंस. मी त्या दिवशी तुझ्याकडे बघायला लाजत होते."

मी रडले. ती रडली नाही. ती म्हणाली, आत्ताच पाचवं पान परत लिही, रात्री मी पुन्हा तपासते.

लिहिलं. रंगाची चाचणी वेळेसकट. कुठे किती पाणी वर आलं ते. कोपऱ्यातला पोकळ आवाज. शेवटी: 'नऊ, दहा आणि अकरा क्रमांकांच्या खोल्या ताबडतोब रिकाम्या कराव्यात.' ताबडतोब हा शब्द आधी नव्हता. तो लिहायला मला तास लागला.

रात्री तिने तपासायला घेतलं तेव्हा त्याच्या खाली एक ओळ स्वतः वाढवली: काम सुरू होण्याआधी ह्या तिन्ही बिऱ्हाडांना त्याच खोल्या परत देण्याचं समितीने सहीनिशी लिहून द्यावं. मी म्हटलं, हे पाइपाच्या अहवालात कसं बसेल? "बसव," म्हणाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी समितीची बैठक, अंगणातच. सचिवांनी अहवाल आधी वाचला होता, तोंडावरून कळत होतं. मी उभी राहून वाचायला लागले. पाचव्या पानावर शिक्षिकाबाई ताडकन उठल्या. "आमच्याकडे पाणी येत नाही. मी ह्यांना तोंडावर सांगितलं होतं." बसवाले काका खाली बघत होते. सचिवांनी संधी साधली. "बघा मॅडम, रहिवासीच नाही म्हणतात. आणि मोजमापात तुमची एकदा चूक झालेलीच आहे, तुम्हीच कबूल केलंत."

मी म्हटलं, "झाली होती. आणि फडक्यांचा रंग मी—" आणि अडखळले. भर अंगणात दोन घरांची अब्रू काढायचं माझ्या जिवावर आलं.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. आत्या उभी होती. तिला चारचौघांत बोलताना मी जन्मात ऐकलेलं नाही. छापखान्यातही ती कागदावरच बोलायची.

"अकरा नंबरच्या मोरीत दीड वर्षापासून पाणी येतं," ती म्हणाली. "रोज, सव्वासात ते आठ. मी टिपते. ही विचारायला आली तेव्हा मी खोटं बोलले."

मग काका न उठताच म्हणाले, "आमच्याकडे दोन वर्षं. पिंप ठेवतो वर." काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शिक्षिकाबाई उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, फक्त माझ्याकडेच येतं," आणि बसल्या.

दीड-दोन वर्षं तीन घरं भिंतीला भिंत लावून पाणी टिपत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलं कळलं तर आपल्यालाच काढतील. भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, ह्यांनी एकदा एकमेकांकडे फिनेल उसनं मागितलं असतं तरी काम झालं असतं."

परतीच्या लेखी हमीवर सचिव तासभर नाही-होय करत राहिले. पण वरच्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं, "भिंत खचली तर तुमची सही कुठे असेल?" त्यांनी सही केली. तिघांसाठी तीन प्रती. आत्याने आपली प्रत उभ्या-उभ्या वाचली आणि एक तारीख दुरुस्त करून घेतली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. आत्याचं सामान काल भाऊजींच्या टेम्पोतून माझ्याकडे गेलं, नऊ खोकी, त्यातली सहा पुस्तकांची. ती सुखाने आलीय असं नाही. वाटेत दोनदा म्हणाली की तुमच्याकडे पंख्याचा आवाज होतो. मी दुरुस्त करून घेणार आहे.

आज अकरा नंबरची फरशी काढली. आत्याला येऊ नकोस म्हटलं होतं, तरी पहाटे माझ्याबरोबर निघाली आणि दाराबाहेर उभी राहिली. उंबऱ्याच्या आत मी तिला पाय ठेवू दिला नाही. गवंड्याने कोपऱ्यातली पहिली फरशी पहारीने उचलली आणि पहार त्याच्या हातून सुटून आत गेली. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. तो मागे सरकला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

बॅटरी टाकून पाहिलं. वरची फरशी चार बोटं जाड, तिच्याखाली माती नव्हतीच. नऊ दिवसांत पोकळी मोरीच्या मधापर्यंत आलेली, भिंतीच्या पायाखाली हात घालता येईल एवढी शिरलेली. पाइपाचा सांधा उघडा आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. मोजपट्टी सोडायला मी वाकले, भाऊजींनी माझं दुसरं मनगट धरलं. सोळा तारखेचा मसुदा तसाच दिला असता तर ह्या वेळी, साडेसातला, आत्या ह्याच्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेली असती. हे मला आयुष्यभर पुरेल.

बाहेरून आत्याने विचारलं, "किती आहे?"

"फार नाही," मी म्हटलं.

वळून पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती, चष्म्याच्या वरून.

"एक मीटर दहा," मी म्हटलं.

"मग तसं लिही."